गंजक्या टाचणीची चव

रंग

मास्तर खुर्चीत सापडले तेव्हा पेला सरळ उभा होता, कार्ड एक ओळ सोडून लिहून झालं होतं आणि मास्तर गेलेले होते.

ओठ सुजून दुप्पट झालेले. मानेवर लाल चट्टे. उजवा हात कोटाच्या खिशात, आणि तिथे जीव वाचवणारं इंजेक्शन मुठीत घट्ट धरलेलं. ते बाहेर काढायलाही वेळ मिळाला नव्हता. सकाळचे सव्वादहा झाले होते. ऊन पेल्यातून आरपार जाऊन पांढऱ्या टेबलक्लॉथवर लाल डाग पाडत होतं.

कार्ड असं होतं:

*वाइन: स्पेनची लाल. टेम्प्रानिलो द्राक्ष. दोन वर्षं लाकडी पिंपात, तीन वर्षं बाटलीत.*
*रंग: मध्ये गडद डाळिंबी, कडेला विटकरी.*
*वास: पिकलेली चेरी. पाणी शिंपडून इस्त्री केलेलं सुती कापड. मागे व्हॅनिला.*
*चव: आधी फळ, मग कोरडेपणा, हिरड्या आत ओढल्यासारख्या.*
*शेवट: ओठांत धरलेली गंजकी टाचणी.*
*सोबत:*

'सोबत'च्या पुढे काही नव्हतं. त्या वाइनबरोबर काय खावं, ते तिथे लिहायचं असे.

लोक मास्तरांच्या रेस्टॉरंटात जेवायला येत ते अर्धे या कार्डांसाठी. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एक कार्ड, सुबक उभ्या अक्षरातलं. ते वाचलं की बाटली उघडायच्या आधीच तोंडाला पाणी सुटे. मास्तरांना मासा चालत नाही, जिभेला नुसता लागला तरी घसा बंद होतो, हे भांडी घासणाऱ्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. वीस वर्षं त्या स्वयंपाकघरात माशाचं खवलंसुद्धा आलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी आलं. आणलं त्यांच्या सख्ख्या भाचीनं.

---

नवव्या दिवशी अन्न-सुरक्षा खात्याची तपासनीस आली. ऑफिसात तिला मागून 'गोचीड' म्हणत. एकदा चिकटली की सुटत नाही म्हणून. तिला ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं. तिच्या बॅगेत तीन गोष्टी होत्या. पोळीभाजीचा डबा, प्रयोगशाळेचा अहवाल, आणि मास्तरांनी सात वर्षांपूर्वी तिच्याच ऑफिसात तिच्यासमोर बसून भरलेला आरोग्याचा अर्ज.

अहवाल चार ओळींचा होता. बाटलीत मासा नाही. पेल्याच्या कडेला, ओठ लागतात तिथे, माशाचा अंश आहे. पेल्यातल्या वाइनमध्ये अगदी नावाला. आणि वाइन चाखून थुंकायचं पितळी भांडं असतं, त्यात बराच.

पोलिसांनी गणित केव्हाच मांडून ठेवलं होतं. मासा भाचीचा. भांडण भाचीचं. पेल्याला मासा भाचीनंच लावला. गोचिडीचा अहवाल दुपारी चारपर्यंत पोचला की भाचीला अटक होणार होती.

दारातच मुख्य वाढपी भेटला. पन्नाशीचा, ताठ, अंगावर कडक इस्त्रीचा कोट. सगळे त्याला 'घड्याळ' म्हणत, कारण त्याला कधी मिनिटाचाही उशीर होत नसे.

"मॅडम, आधी आत चला. मग काय विचारायचं ते विचारा."

"काय झालं?"

"रोज होतंय. आजही झालंय."

चाखण्याच्या खोलीत एकच टेबल, एकच खुर्ची. टेबलावर पेला, त्यात दोन बोटं लाल वाइन ओतलेली. पेल्याला टेकवून एक कार्ड उभं केलेलं. त्यावर आजची तारीख होती.

अक्षर मास्तरांचं होतं.

वास

"नऊ दिवस, नऊ कार्डं," घड्याळ म्हणाला. त्यानं आधीची आठ कोटाच्या आतल्या खिशातून काढली. एवढ्यात दहा वेळा तरी वाचली असावीत. कोपरे मऊ पडले होते.

*दिवस पहिला. रंग: तोच. वास: नाही.*

*दिवस तिसरा. वास: नाही. आठवतो तेवढाच.*

*दिवस पाचवा. वास: नाही. चार वर्षं नाही.*

*दिवस आठवा. वास: नाही. चव: कुणी सांगेल तशी.*

बाकीच्यांवर नुसतं 'वास: नाही'. आणि आजच्या कार्डावर एकच ओळ, 'शेवट'च्या पुढे:

*कुणी विचारलं नाही.*

गोचिडीला भुताखेतांचं काही नव्हतं. आयुष्यभर ती उंदरांच्या लेंड्या आणि बुरशी बघत आली होती. तरी तिनं ती रिकामी खुर्ची जराशी लांब सरकवली आणि उभीच राहिली.

"वास नाही म्हणजे काय?" तिनं विचारलं.

"मेलेल्या माणसाला कुठला वास, मॅडम!" घड्याळ कुजबुजला. "ते अजून चाखायला येतात. पण काही कळत नाही त्यांना. म्हणून चिडलेत."

"आणि चार वर्षं कसली? मरून नऊ दिवस झालेत."

घड्याळानं पाचव्या दिवसाचं कार्ड पुन्हा वर काढलं. तिकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

"हे कार्ड कोण ठेवतं? खोलीला कुलूप असतं?"

"कुलूप कशाला? घरचीच माणसं. मी असतो, भट्टी असते, वर वहिनी असतात."

'भट्टी' म्हणजे भाची. तिचा राग शेगडीपेक्षा लवकर पेटे, म्हणून. 'वहिनी' म्हणजे मास्तरीणबाई, मास्तरांची बायको, वरच्या मजल्यावर राहणारी. टेबलक्लॉथ, पडदे, वाढप्यांचे कोट, सगळं तिच्या हातचं. तेवढ्यात ती जिन्यावरून उतरलीच. बारीक चणीची, हातात घड्या केलेले रुमाल. तिनं पेल्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, गोचिडीकडे बघितलं. रुमाल ठेवले आणि वर गेली.

"त्यांना भीती नाही वाटत?" गोचिडीनं विचारलं.

"वहिनींना? नऊ दिवसांत रडल्यापण नाहीत," घड्याळ म्हणाला. मग आवाज आणखी खाली आणून, "मला त्याचीच जास्त भीती वाटते."

पहिला घोट

भाची स्वयंपाकघरात ढोबळ्या मिरच्या जाळावर भाजत होती. रेस्टॉरंट बंद होतं, जेवायला कुणी येणार नव्हतं, तरी भाजत होती.

"हात रिकामे राहिले की डोकं चालतं," ती म्हणाली. "आणि डोकं चाललं की वेड लागायची पाळी येते. बसा. तुम्हीच ना त्या? मला आत टाकणार त्या?"

"अजून ठरलं नाही."

"मग लवकर ठरवा. डबा भरून ठेवते."

"मामांशी भांडण कशावरून झालं?"

"माशावरून! आणखी कशावरून? स्पेनची लाल वाइन आली की मामांचं ठरलेलं. कोकराचं भाजलेलं मांस, मेंढीच्या दुधाचं जुनं चीज, अळंबी. वीस वर्षं तेच. मी म्हटलं, मामा, जाड चरबीचा मासा, भाजलेल्या लाल मिरच्या आणि टोमॅटोत शिजवला तर या वाइनशी मस्त जमतो. समुद्रकाठचे लोक खातातच. तर म्हणाले, 'लाल वाइन आणि मासा म्हणजे तोंडात भांडण. माझ्या जिवंतपणी नाही.'" ती थांबली. चिमट्यातली मिरची जळत राहिली. "मी म्हटलं, मग मेल्यावर करीन. सगळ्यांसमोर म्हटलं. बोलून गेले हो मॅडम. असं आपण बोलतोच ना घरात?"

"बोलतो," गोचीड म्हणाली. तिनं पुढे होऊन शेगडी बंद केली. "तरी मासा आणलात."

"वेगळं पातेलं, वेगळा चमचा, वेगळी फळी. आदल्या रात्री डोकी आणि काटे उकळून त्याचं पाणी तेवढं काढून ठेवलं. सकाळी साडेआठला मिरच्या आणायला बाजारात गेले. साडेनऊला आले. पातेलं जागेवर, झाकण जागेवर. मामांच्या खोलीकडे मी फिरकलेच नाही. पण पटणार कुणाला?"

"आल्यावर काही वेगळं दिसलं?"

"नाही." मग कपाळाला आठी. "चमचा. माशाचा चमचा धुऊन पालथा ठेवला होता. मी चमचे धुऊन पालथे ठेवत नाही. मी टाकते. घड्याळाला विचारा, तो माझ्या नावानं खडे फोडत असतो."

गोचिडीनं वहीत लिहिलं: *चमचा. पालथा.*

"शेवटचं. मामांचं नाक कसं होतं?"

भाची चिडून हसली. "नाक! सगळ्या गावात तेच एक नाक. पण घरात विचाराल तर... मागच्या हिवाळ्यात इथे दूध उतू जाऊन जळलं. धूर झाला. मी वरच्या मजल्यावरून धावत आले. मामा त्या तिथे, शेगडीपासून चार हातांवर, पेपर वाचत बसलेले. म्हटलं, मामा, वास नाही आला? तर म्हणाले, 'बातमी चांगली होती.'"

मध्य

गोचिडीनं घड्याळाला विचारलेले प्रश्न वहीत लिहिले नाहीत. उत्तरं तेवढी लिहिली. ती अशी:

— हो, दार बंद करूनच. पूर्वी नाही, पूर्वी आमच्यासमोर चाखायचे, गप्पा मारत, आणि कार्ड वर जाऊन लिहून आणायचे. गेली चार वर्षं दार बंद.

— त्यांना तो वाईट ताप आला होता ना, त्यानंतर. म्हणाले, आता गोंगाट सहन होत नाही.

— वहिनी बाटली, पेला आणि कोरं कार्ड घेऊन आत जायच्या. दहा मिनिटांनी बाहेर.

— एकच पेला. मास्तरांचा नियम. दोन पेले म्हणजे दोन वेगळ्या वाइन, म्हणायचे.

— त्या दिवशी दहा वाजता आत, दहा वाजून नऊ मिनिटांनी बाहेर. चेहरा? हसऱ्या होत्या. मला आठवतंय, कारण वहिनी फारशा हसत नाहीत.

— नंतर मास्तर एकटेच बसायचे. दाराच्या काचेतून दिसायचे. पेल्यात उरलेली वाइन प्यायचे. थुंकायचे नाहीत. डोळे मिटून, पेला नाकाशी धरून, बराच वेळ बसायचे. देवळात बसल्यासारखे.

— रोज.

— नाही, वहिनींना माहीत नसावं. त्या वर गेलेल्या असायच्या.

मग गोचिडीनं वही मिटली आणि म्हणाली, "आता मला ती वाइन चाखायची आहे."

"तुम्ही घेता?"

"कधीच नाही. म्हणून तर शिकवा."

घड्याळाच्या अंगात जरा जीव आला. शिकवायचं म्हटलं की तो ताठ होई. त्यानं तीच वाइन नव्या बाटलीतून ओतली. "पेला देठाला धरा. हलवा. आता नाक आत घाला. लाजू नका, पूर्ण घाला. काय येतं?"

"औषधाचं दुकान."

"मॅडम!"

"थांबा... चेरी. आणि केकमध्ये घालतात ते. व्हॅनिला."

"ते लाकडी पिंपाचं. आता एक घोट. गिळू नका, तोंडभर फिरवा."

गोचिडीचं तोंड वाकडं झालं. "जीभ सुकली. कच्चं केळं खाल्ल्यासारखी."

"बरोबर! आता हे चीज खा. मग पुन्हा घोट."

भाचीनं मेंढीच्या चीजचा तुकडा पुढे केला, मग भाजलेल्या मांसाचा, मग नुकत्याच सोललेल्या मिरचीचा. गोचीड खात गेली, घोट घेत गेली. चीजनं वाइनचा कोरडेपणा गिळून टाकला. मांसाबरोबर ती एकदम गोलसर आणि उबदार झाली. मिरचीबरोबर तिच्यात धुराची चव आली. तिन्ही वेळा शेवटी तोंडात चेरी राहिली, आणि थोडं चामडं, नव्या चपलेच्या दुकानात येतं तसं.

"गंज कुठे आहे?" तिनं विचारलं.

"कसला गंज?"

"कार्डावर आहे. 'गंजकी टाचणी'. हीच वाइन, हेच वर्ष. मला कुठेच लागली नाही. तुम्हाला?"

घड्याळानं घोट घेतला. भाचीनं घेतला. दोघांनी माना हलवल्या.

"माशाचं पाणी आहे अजून?"

"पोलिसांनी नेलं. पण फ्रीजरमध्ये एक डबा राहिलाय. त्यांना तो बर्फ वाटला."

भाचीनं ते पाणी गरम केलं. गोचिडीनं एक चमचा घेतला, थांबली, तीनदा चूळ भरली आणि पुन्हा वाइनचा घोट घेतला.

चेरी आली. कोरडेपणा आला. आणि मग, सगळं ओसरल्यावर, जिभेच्या कडांवर, हळूहळू, जुन्या नळाच्या पाण्यासारखा, गंज चढला.

शेवट

कार्डांचं कपाट मास्तरांच्या खोलीतच होतं. वीस वर्षांची कार्डं, वर्षवार लावलेली. गोचिडीनं ती टेबलावर पसरली. घड्याळ दारात उभा राहिला. भाची आत आली, पण खुर्चीला हात न लावता.

"ऐका," गोचीड म्हणाली. "तुम्ही दोघंही ऐका. मी चुकले तर थांबवा."

तिनं जुनी कार्डं उचलली. *तंबाखूचा डबा. घोड्याचं खोगीर. ओल्या पिंपाचं लाकूड. सिगारची राख.* सोळा वर्षं असेच शब्द.

मग गेल्या चार वर्षांची. *शिंप्याच्या खडूची पूड. शिवणयंत्राचं तेल. कोऱ्या कापडाची खळ. इस्त्रीखालचं ओलं सूत.*

"अक्षर तेच आहे," घड्याळ म्हणाला.

"अक्षर तेच आहे. नाक बदललं आहे."

भाचीनं भिंतीला हात टेकला.

"तापानंतर मास्तरांचा वास गेला. दूध शेजारी जळलं तरी कळलं नाही. दार बंद झालं तेही तापानंतरच. आत कुणीतरी दुसरं चाखायचं. आता त्या सकाळचं बघा. शेवटच्या कार्डावर गंज आहे. वाइनमध्ये गंज नाही. तो माशानंतर वाइन घेतली तरच येतो, मी आत्ताच चाखून बघितलं. म्हणजे ज्यानं त्या कार्डासाठी चाखलं, त्याच्या तोंडात मासा लागलेला होता. थुंकायच्या भांड्यातही मासा आहे. तो मास्तरांच्या तोंडातला असता तर अर्धं कार्डसुद्धा झालं नसतं. इथे पाच ओळी आहेत, एकही अक्षर हललेलं नाही. चाखलं दुसऱ्यानंच. त्याचे ओठ पेल्याला लागले. तो माणूस निघून गेला, आणि मग मास्तर, रोजच्यासारखे, डोळे मिटून, त्याच पेल्यातून प्यायले."

"मासा त्यांना नाकानंच कळला असता," भाची हळू म्हणाली. "पूर्वीचे मामा असते तर... लांबूनच."

"हो."

"मग अक्षर?" घड्याळ अजून तिथेच अडकला होता. "हे नऊ दिवसांचं अक्षर मास्तरांचं कसं?"

गोचिडीनं बॅगेतून आरोग्याचा अर्ज काढला. सात वर्षांपूर्वी एक उंच, विनोदी गृहस्थ तिच्या टेबलाशी बसून तो भरून गेले होते. 'मासे: जीवघेणे' असं लिहिलेलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आडवंतिडवं, शेवटाला शाई सांडलेली. कार्डावरच्या उभ्या सुबक अक्षरांशी त्याचं दूरचंही नातं नव्हतं.

"कार्डं त्यांनी कधीच लिहिली नाहीत," ती म्हणाली. "वीस वर्षांत एकही नाही."

"आणि टाचणी," भाची म्हणाली. "मॅडम, टाचणी ओठांत कोण धरतं?"

वरच्या मजल्यावर शिवणयंत्र सुरू झालं.

सोबत

मास्तरीणबाई काळ्या कोटाला अस्तर लावत होती. तोंडात चार टाचण्या. गोचीड दारात दिसली तशी तिनं यंत्र थांबवलं, टाचण्या एकेक काढून उशीवर खोचल्या आणि मग म्हणाली, "बसा. चहा टाकू?"

"नको."

"विचारा."

"कार्डं तुम्ही ठेवता?"

"हो."

"मग सरळ सांगितलं का नाही?"

"पोलिसांनी विचारलं, 'स्वयंपाकघरात कुणाला पाहिलंत?' कुणालाच पाहिलं नव्हतं. तिथे मी एकटीच होते." तिनं मांडीवरचा कोट सरळ केला. "ह्यांच्यापुढे शपथ घेतली होती हो, वास गेल्याचं कुणाला सांगणार नाही म्हणून. शपथ मोडवेना, आणि गप्पही बसवेना. म्हणून त्यांच्या नावानं खरं लिहायला लागले. वाटलं, कुणीतरी वाचेल. तर तो घड्याळ भूत-भूत करत कार्डं खिशात घालत बसला."

गोचिडीला हसू आलं आणि त्याच क्षणी लाज वाटली.

"मासा का चाखलात?"

"चार वर्षं जीभ माझी. आणि मासा बघायची मलाच बंदी. ते एक म्हणतात, पोर एक म्हणते. म्हटलं, खरं कोणाचं ते बघू तरी. एक चमचा घेतला. चमचा धुतला. तीनदा चूळ भरली. तासाभरानं वाइन घेतली तर तोंडात गंज." ती मान हलवून थोडं हसली. ते बघवत नव्हतं. "म्हटलं, हरली पोर. नुसत्या माशाशी नाहीच जमत. हसायला आलं मला. हे म्हणाले, काय गं, काय झालं? म्हटलं, नंतर सांगते. 'सोबत' तसंच ठेवलं. जेवताना सांगणार होते, मजेत. मासा मी खाल्ला होता, त्यांनी कुठे? पेला तर तसाच ठेवून उठायचे ते."

गोचिडीनं हे वाक्य वहीत लिहिलं नाही.

"तसाच ठेवून उठायचे ना?"

"नाही," गोचीड म्हणाली. "तुम्ही वर आलात की ते उरलेली प्यायचे. पेला नाकाशी धरून. डोळे मिटून. घड्याळानं काचेतून बघितलंय. रोज."

"कशाला?"

"वास परत येतोय का ते बघायला असेल."

मास्तरीणबाईनं कोटाची बाही हातात घेतली. ती उलटी करून बघितली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली. खालून भाचीनं भांडं आपटल्याचा आवाज आला. आणखी एक. आणि मग ते तिसऱ्यांदा आपटलंच नाही.

"मला म्हणाले असते तर मी बसले असते शेजारी," ती म्हणाली. "एवढंच ना. बसले असते."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "माझं काय होईल?"

"अपघात आहे. मी तसंच लिहिणार. तुम्हाला जबाब द्यावा लागेल. आजच. चारच्या आत."

"सगळा?"

"सगळा."

"म्हणजे वास गेला होता तेपण."

"त्याशिवाय बाकीचं कुणाला पटणार नाही."

"लोक म्हणतील, चार वर्षं फसवलं. ज्या माणसाच्या एका शब्दावर बाटल्या उघडत होत्या, त्याला घालूनपाडून बोलतील. मेल्यावर." तिनं वर बघितलं. "तुम्ही थोडं खोटं नाही लिहू शकत? अगदी थोडं?"

"थोड्या खोट्यानं भाचीला आत जावं लागेल."

जिन्यावर पावलं वाजली. भाची वर आली होती. तिचे डोळे लाल होते आणि बोटांना मिरचीची काळी सालं चिकटली होती.

"मामी, खरंय?"

"खरंय."

"नऊ दिवस, मामी. नऊ दिवस मी स्वतःला विचारतेय, माझाच हात कुठे लागला का. फळीला का, चमच्याला का, कडीला का. झोपेत उठून हात धुतेय. आणि तू इथे वर शिवत बसलीस."

"हो."

"एवढंच? हो?"

"आणखी काय म्हणू? तू रागाव. मी ऐकते."

भाची रागावली नाही. दारातच बसली आणि मोठमोठ्यानं रडू लागली. मास्तरीणबाई उठली, तिला ओलांडून पुढे गेली, खुंटीवरची शाल घेतली आणि गोचिडीला म्हणाली, "चला. साडेतीन वाजत आले."

---

चौकीतली खोली छोटी होती. साहेबांना घाई होती. कारकून टंकत होता. गोचिडीचा अहवाल टेबलावर पडला होता आणि साहेबांनी तो एकदा वाचून बाजूला सरकवला होता.

"हे सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण नाकाचं काय आहे, ते बाईंच्या तोंडून यायला हवं. नाहीतर उद्या वकील म्हणेल, भाचीला वाचवायला मामी गोष्टी रचतेय. हं, बोला."

मास्तरीणबाई बोलली. आवाज इतका खाली की कारकुनाची बोटं थांबली.

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं."

बाहेरच्या बाकावर भाची होती, तिच्याजवळ घड्याळ. त्यांच्या पलीकडे जेवायला नेहमी येणारे दोन गृहस्थ होते. बातमी लागून आले होते आणि कार्डांबद्दलच काहीतरी बोलत होते. दार उघडंच होतं.

मास्तरीणबाईनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. गोचिडीला वाटलं, ती कुणाच्या तरी होकाराची वाट बघते आहे, आणि तो येत नाहीये.

मग ती दाराकडे वळून बसली.

"माझ्या नवऱ्याला वास येत नव्हता," ती मोठ्यानं म्हणाली. "चार वर्षं. ते सगळं मी चाखलेलं आहे."

बाहेरचं बोलणं थांबलं.

"पुढे?" कारकुनानं विचारलं.

"त्या दिवशी मासा मी खाल्ला होता," ती म्हणाली. "लिहा."